अमेरिकेच्या नामांकित कॉलेजांत आपल्या मुलांना कितपत जागा?

‘मुलाला दहावीला ९४ टक्के आहेत, इंग्रजी बरे आहे, हार्वर्डला अर्ज करू का?’ असे पालक आम्हाला विचारू लागले आहेत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यात हा प्रश्न ऐकू येत नव्हता, म्हणून आनंद वाटतो. पण उत्तर देताना नुसते गोड बोलून भागत नाही. या प्रश्नामागे कुठे गावाकडची जमीन असते, कुठे अम्मीचे दागिने, तर कुठे बँकेचे कर्ज.

आधी आकडा पाहू. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरात चारही नाहीत, आणि त्यात अमेरिकन मुलेही आली. एमआयटीत परदेशी मुलांचे प्रमाण याहून कमी आहे: शंभर अर्जांमागे साधारण दोन. त्या शंभरांत चीन, कोरिया, नायजेरिया, दिल्ली, बंगळुरू अशा सगळीकडची हुशार मुले असतात.

आपल्याकडे नीट किंवा सीईटीत गुण ठरले की यादी लागते, कट-ऑफ कळतो. तिथे अशी यादीच नसते. नववी ते बारावीचे गुण, १६०० पैकी सॅटचे गुण, ६५० शब्दांपर्यंतचा निबंध, शाळेबाहेरची कामे आणि शिक्षकांची पत्रे असे सगळे एकत्र वाचले जाते. १५५० गुणांचा मुलगा नाकारला जातो आणि का नाकारला, हेही सांगत नाहीत. हा अन्याय म्हणावा की नाही यावर वाद घालता येईल, पण अर्ज करणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

शिक्षकांच्या पत्रांपाशी आम्ही जरा थांबतो, कारण तो आमचाच प्रांत आहे. आपल्या शाळा दाखला देतात, त्यात विद्यार्थी नियमित असून वर्तणूक चांगली आहे एवढेच असते. तिथल्या समितीला त्याचा काही उपयोग नाही. हा मुलगा वर्गात कोणते प्रश्न विचारतो, चुकल्यावर काय करतो, दुसऱ्यांना कशी मदत करतो, हे त्यांना हवे असते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे लक्षात ठेवणे शिक्षकाला सोपे नाही. म्हणून पालकांनी अकरावीतच दोन शिक्षकांना भेटून कल्पना द्यावी. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला इंग्रजीत लिहिणे जड जात असेल तर त्याने आपल्या भाषेत लिहावे आणि सोबत भाषांतर जोडावे. चार ठरावीक इंग्रजी वाक्यांपेक्षा ते बरे.

शाळेबाहेरच्या कामांची पालकांना उगीच धास्ती असते. पियानो नाही, तलवारबाजी नाही, मग लिहायचे काय? बहुतेक कॉलेजांचा अर्ज ‘कॉमन ॲप’वर भरतात. तिथे दहा कामे लिहिता येतात आणि घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकारच आहे. अब्बांच्या दुकानात संध्याकाळी हिशेब सांभाळणे, आजारी दादीची देखभाल करणे हेही त्यात बसते. खरे असेल तेच लिहावे.

आता पैसा. वर्षाचा एकूण खर्च ८० ते ९० हजार डॉलरच्या घरात जातो, म्हणजे चार वर्षांचे अडीच-तीन कोटी रुपये. इथे कॉलेजांचे दोन प्रकार होतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन अशी मोजकीच कॉलेजे परदेशी मुलाची निवड करताना त्याची ऐपत पाहत नाहीत, आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितली की संधी कमी होते. म्हणून काही सल्लागार सांगतात, आधी मदत नको म्हणा, पुढचे पुढे पाहू. हे ऐकू नये. अशा कॉलेजांत नंतर मदत मिळणे फार कठीण असते आणि दुसऱ्या वर्षी मूल अधांतरी लटकते.

जिथे शिरणे सर्वांत अवघड, तिथेच गरीब घराला सर्वांत स्वस्त पडते, ही यातली गंमत. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला १ लाख डॉलरच्या आत असेल आणि मालमत्ताही बेताची असेल, तर हार्वर्ड घरच्यांकडून काही घेत नाही. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रिन्स्टनने २००१ पासून आपल्या मदतीतून कर्ज काढून टाकले आहे. मिळते ते अनुदान, परत करायचे नसते. ॲम्हर्स्टचेही असेच आहे. कॉर्नेलमध्ये भारतीय मुलांसाठी टाटांच्या देणगीतून शिष्यवृत्ती आहे, पण जागा फार थोड्या. मुलींसाठी वेलस्ली, स्मिथ, माउंट होल्योक ही खास महिलांची कॉलेजे आहेत. मदतही चांगली देतात, पण निवडताना परदेशी मुलीची ऐपत पाहतात.

वेळेचे गणित आपल्याकडे हमखास चुकते. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू होते, तोवर वर्ष गेलेले असते. अर्ज बारावी चालू असतानाच करायचा: लवकरचा १ नोव्हेंबरच्या सुमारास, नेहमीचा जानेवारीच्या सुरुवातीला. लवकरच्या अर्जाचा एक प्रकार बांधून घेणारा आहे. प्रवेश मिळाला तर तिथेच जावे लागते. मदत पुरेशी नसेल तर मात्र त्यातून सुटता येते.

लाखो रुपये घेऊन प्रवेशाची हमी देणाऱ्यांना दारातूनच सलाम करावा. अशी हमी कोणी देऊच शकत नाही. सॅटचा सराव खान अकॅडमीवर फुकट होतो. अर्जाची फी परवडत नसेल तर अनेक कॉलेजे ती माफ करतात. आणि नीट, सीईटी, इथल्या कॉलेजांचे फॉर्म सोडू नयेत. शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांना इथेच शिकायचे आहे.

एक काम मात्र आजच करण्यासारखे आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ पुढे, आधारवर मागे, पासपोर्टवर वडिलांचे नावच नाही, असे आमच्या घरांत सर्रास दिसते. गुणपत्रिका, सॅट आणि व्हिसा यांवरची नावे जुळली नाहीत की खुलासे देत बसावे लागते. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेत जाऊन नाव नीट करून घ्यावे. त्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी बोर्डाच्या कचेरीत खेटे घालावे लागतात.