एक टर्बो की दोन?

वसमतच्या बाजारासाठी हळद भरून निघालेला ट्रॅक्टर चढावर काळा धूर सोडतो. डिझेल भरपूर, पण ते पूर्ण जाळण्यास हवा अपुरी! टर्बो ही उणीव भरून काढतो. बाहेर पडणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून सिलिंडरकडे पाठवते.

लहान चक्र चटकन वेग घेते, पण हवा थोडी देते. मोठ्याचे उलट. म्हणून चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीजच्या 'ई २५० सीडीआय'मध्ये लहान-मोठी जोडी होती. २०१७ च्या 'ई २२० डी'मध्ये एकच टर्बो आला. त्याची पाती कोन बदलतात, त्यामुळे मंद गतीलाही वायूचा झोत जोरात बसतो. अश्वशक्ती २०४ वरून १९४ झाली. फिरवण्याचा जोर मात्र ५०० वरून ४०० न्यूटन-मीटरवर उतरला.

वर्गात विचारा: जड चाकाला वेग घ्यायला वेळ का लागतो?