अडीचची म्हणजे किती?

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात वायरचे वीत-वीतभर तुकडे आहेत आणि प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे. तुकडा कुठल्या घरातला, कुठल्या सालचा, वरच्या आवरणावर काय छापलं होतं आणि मोजल्यावर काय निघालं, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. वीसेक वर्षांत डबा गच्च भरला आहे. कुणाच्या घरी वायरिंगचं काम निघालं की वायरमन जुन्या वायरी ओढून कोपऱ्यात टाकतात. तो ढीग कचऱ्यात जाण्याआधी मी तिथे पोचलेला असतो.

पहिली चिठ्ठी साताऱ्याच्या मावशीच्या घराची. बाथरूममध्ये तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर होता आणि त्याच लाइनवर पलीकडच्या खोलीतला इस्त्रीचा पॉइंट. गीझर म्हणजे तेरा अँपिअर, इस्त्री साधारण चार. सकाळी दोन्ही एकदम चालायचं. एके दिवशी मावशी म्हणाली, "अरे, बटणाजवळची भिंत कोमट लागते बघ." वायरमनकाकांनी बोर्ड उघडला. लाल वायर तपकिरी झाली होती आणि वाकवली की आवरणाला तडे जात होते. काकांनी ती ओढून काढली, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "सर, अडीचचीच आहे हो. छापलंय बघा." खरंच छापलं होतं, २.५ स्क्वेअर एमएम.

आवरण सोलून मी तारा मोजल्या, तर बरोबर छत्तीस. अडीचच्या लवचिक वायरीत ०.३ मिलिमीटर व्यासाच्या छत्तीस तारा असतात, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणजे हिशेब जुळत होता, तरी समाधान होईना. मग शाळेत शिकलेली युक्ती आठवली. एक तार सुटी केली, पेन्सिलीवर एकाला एक चिकटून वीस वेढे घातले आणि पट्टी लावली. सहा मिलिमीटर भरायला हवे होते, भरले पाच. म्हणजे तार ०.२५ची. आकड्याने हा फरक किरकोळ दिसतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. छत्तीस तारांचं मिळून २.५४ चौरस मिलिमीटर व्हायला हवं होतं, ते झालं १.७७. तारा मोजून बघणारं गिऱ्हाईक समाधानाने घरी जावं, एवढी काळजी ती वायर बनवणाऱ्याने घेतली होती. तांब्यात मात्र जवळजवळ एकतृतीयांश हात मारला होता. त्या दिवशी मला आलेला राग अजून गेलेला नाही.

कारण बिचारा एमसीबी. तो बसवतात वायर सांभाळायला. वायर अडीचची आहे असं धरून तिथे वीस अँपिअरचा बसवला होता. सतरा अँपिअर जात असताना तो पडला नाही, आणि त्याच्या परीने ते बरोबरच होतं. वायरीवर काय छापलंय ते त्याला दिसत नाही आणि आत किती तांबं आहे तेही नाही. १.७७च्या वायरीत तेवढ्याच प्रवाहाला अडीचच्यापेक्षा चाळीस टक्के जास्त उष्णता तयार होते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा सत्तर अंश, आणि वायर प्लास्टरमागे पाइपात कोंडलेली.

आता तारेची जाडी नंबराने सांगणाऱ्या गेजच्या इतिहासाबद्दल थोडक्यात सांगून टाकतो. तार साच्याच्या भोकातून ओढून बारीक करतात. जितक्या वेळा ओढली तितका नंबर वाढला, म्हणून नंबर मोठा तर तार बारीक, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये यावरून बराच गोंधळ होता. १८८४ साली तिथे स्टँडर्ड वायर गेज कायद्याने लागू झालं. अमेरिकेचं वेगळं गेज १८५७चं. आपल्याकडे इंग्रजी गेज आलं आणि मेट्रिक मापं लागू झाल्यावरही वायरमनच्या तोंडून गेलं नाही. जुने लोक अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' म्हणतात, म्हणजे बावीस नंबरच्या तीन तारा, वीस नंबरच्या सात. 'चाळीस-शहात्तर' याचा अर्थ मला कळायला फार वर्षं लागली. चाळीस तारा, प्रत्येकी ०.००७६ इंच जाडीच्या, म्हणजेच छत्तीस गेजच्या. नवी पिढी नुसतं 'दीडची', 'अडीचची', 'चारची' म्हणते.

आता मला ज्याच्याबद्दल मनापासून लिहायचं आहे तिकडे वळतो. मावशीच्या वायरीनंतर मी बाजारातून येणारी प्रत्येक वायर तोलायला लागलो. तांब्याचा हिशेब फार सोपा आहे. एक चौरस मिलिमीटरची एक मीटर तार म्हणजे एक घनसेंटिमीटर तांबं, वजन ८.८९ ग्रॅम. तेव्हा अडीचची मीटरभर वायर सोलली की सव्वाबावीस ग्रॅम तांबं निघायला हवं. आमच्या गल्लीतल्या सोनारांचा काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक. मी तांब्याची जुडी घेऊन गेलो की ते हातातलं मंगळसूत्र बाजूला ठेवून आधी माझं वजन करून देतात. एकदा एका नव्या वायरीचं वजन भरलं २०.३ ग्रॅम. मी तडक दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आयएसआयची आहे. लॅबमध्ये नेऊन बघा." त्याचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. दोन दिवसांनी जाऊन मी त्याची माफी मागितली.

कारण असं. तारेच्या गाभ्यासाठी आपलं जे भारतीय मानक आहे, आयएस ८१३०, ते 'अडीच चौरस मिलिमीटर' या शब्दांची कसोटी क्षेत्रफळावर लावतच नाही. ते ती रोधावर लावतं. वीस अंश तापमानाला एक किलोमीटर लवचिक वायरीचा रोध जास्तीत जास्त ७.९८ ओहम असेल, तर ती अडीचची. दीडच्या वायरीला ही मर्यादा १३.३, एकच्या वायरीला १९.५, चारच्या वायरीला ४.९५. अडीच हे नाव आहे, माप आहे ७.९८. शुद्ध तांबं वापरणारा कारखाना थोड्या कमी तांब्यात या मर्यादेत बसू शकतो, आणि ते कायदेशीर असतं. २०.३ ग्रॅमच्या त्या वायरीचा रोध मी नंतर मोजला. तो निघाला ७.८६.

हे समजलं आणि मी या नियमाच्या प्रेमातच पडलो. तारा मोजून फसगत होते, ते मावशीकडे पाहिलंच. पट्टी, स्क्रू गेज आणि काटा हे तिन्ही एका गोष्टीत आंधळे आहेत. भंगारातून आलेलं, नीट न शुद्ध केलेलं तांबं जाडीला चोख, वजनाला चोख आणि वीज न्यायला नालायक असू शकतं. शेवटी वायर कशासाठी घ्यायची? वीज वाहून नेण्यासाठी. मग मोजायचं तेच मोजावं.

पण मोजायचं कसं? साध्या मल्टिमीटरने जमत नाही. त्याच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ ओहम दाखवतो, आणि आपली अडीचची दहा मीटर वायर ०.०८ ओहमची. हत्तीच्या काट्यावर लवंग तोलण्यातला प्रकार. त्यावरचा उपाय मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या एका छोट्या पॉवर सप्लायवर करतो. तो ठरवलेला प्रवाह स्थिर ठेवतो. वायर गच्चीवर ताणून अंथरायची. दोन्ही टोकांना क्लिपा लावून बरोबर एक अँपिअर प्रवाह सोडायचा. मग क्लिपांच्या आत, मोजून दहा मीटरवर दोन ठिकाणी आवरण सोलायचं आणि तिथे मल्टिमीटरच्या पिना मिलिव्होल्टवर टेकवायच्या. पिनांतून प्रवाह जवळजवळ जातच नाही, त्यामुळे त्यांचा स्वतःचा रोध मध्ये लुडबुडत नाही. क्लिपांचा सैलपणाही मोजमापाच्या बाहेर राहतो. अस्सल अडीचची असेल तर वीस अंशाला ८० मिलिव्होल्टच्या आत, दीडची १३३च्या आत, एकची १९५च्या आत. तापमान मात्र बघावं लागतं. प्रत्येक अंशाला रोध ०.३९ टक्क्यांनी वाढतो. उन्हाळ्यात अडतीस अंशाला मोजलं तर सात टक्के वजा करायचे. म्हणून मी पहाटे मोजतो, गच्ची रात्रभर गार झालेली असते तेव्हा.

मावशीच्या वायरीचा उरलेला वेटोळा मी अशाच एका पहाटे अंथरला होता. आकडा स्थिरावला ९९ वर. तो आकडा बघताना मला ती कोमट भिंत हाताला जाणवली.

ही चार टोकांची पद्धत विल्यम थॉमसन यांच्या घराण्यातली, पुढे लॉर्ड केल्विन झाले तेच. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १८५७ साली अटलांटिक समुद्राच्या तळातून तारायंत्राची केबल टाकायचं घाटत होतं. गाभा तांब्याचा, बावीस नंबरच्या सात तारा. म्हणजे आपले वायरमन म्हणतील, 'सात-बावीस'. तांबं म्हणजे तांबं, त्यात काय बघायचं, असा त्या काळचा समज. थॉमसननी वेगवेगळ्या कारखान्यांच्या तारा घेऊन मोजल्या. त्या दिसायला सारख्या, जाडीला सारख्या, पण वीज नेण्यात एकीत आणि दुसरीत जमीन-अस्मानाचा फरक. त्यांनी ते त्याच साली रॉयल सोसायटीपुढे मांडलं. १८५८ची केबल काही आठवडेच चालली. ती बंद पडण्याची कारणं वेगळीच होती, पण धडा मिळाला. १८६५ची केबल 'सात-अठरा' झाली आणि तिच्यातलं तांबं तपासूनच घेतलं गेलं. अगदी लहान रोध मोजणारा दुहेरी ब्रिजही थॉमसननीच १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला रचला. ऑगस्टस मॅथिसन यांनी किंचितशा भेसळीनेही तांब्याची वहनक्षमता किती घसरते ते दाखवून दिलं. पुढे १९१३ साली तांब्याची आंतरराष्ट्रीय कसोटी ठरली. थॉमसन यांच्या काळात अटलांटिकची केबल टाकणारं 'ग्रेट ईस्टर्न' हे अजस्र जहाज फेब्रुवारी १८७०मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावरून निघालं आणि एडनपर्यंत केबल टाकत गेलं. कुलाब्याच्या बाजूला गेलो की मी दर वेळी समुद्राकडे बघत थोडा वेळ उभा राहतो.

अलीकडे एक नवं दुखणं आलं आहे, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार. जाडीला बरोबर, रंगाला बरोबर. पण वजन तांब्याच्या दोनपंचमांशाहूनही कमी आणि वहनक्षमता दोनतृतीयांशाच्या आसपास. आमचे वायरमनकाका ब्लेडने खरवडून बघतात. "आतून पांढरी निघाली की परत," हा त्यांचा नियम. लायटरच्या ज्योतीत एक बारीक तार धरली तरी कळतं. ॲल्युमिनिअम ६६० अंशाला वितळतं, तांबं १०८५ला, त्यामुळे खोटी तार लगेच मान टाकते. आणखी एक लबाडी जाड आवरणाची. तांबं कमी आणि प्लास्टिक जास्त, म्हणजे हाताला वायर भरदार लागते. वायर चिमटीत धरून 'चांगली जाड आहे' म्हणणाऱ्यांनी आपण नक्की काय चिमटीत धरलंय याचा विचार करावा. घरगुती वायरींना २००३च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेजवळ आयएस ६९४ आणि 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि कशासाठीचा ते दिसतं. ही दोन मिनिटं प्रत्येकाने काढावीत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी पुतणीच्या नव्या फ्लॅटचं वायरिंग निघालं. अकरा कॉइल आल्या, प्रत्येक नव्वद मीटरची. या वेळी मी लांबीही मोजायची ठरवली, आणि तीसुद्धा कॉइल न उलगडता. एका कॉइलीचे पहिले दहा मीटर सोडून मोजले. सत्तावीस अंशाला ८०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे वीस अंशाला ७८. तांबं उत्तम. मग त्याच कॉइलीच्या दोन टोकांमध्ये एक अँपिअर सोडून पूर्ण रोध घेतला, तर ७२१ऐवजी ६७३ मिलिव्होल्ट. ६७३ला ८.०१ने भागलं, उत्तर आलं ८४ मीटर. वायरमनकाकांना हे पटेना. त्यांनी मुलाला टेप धरायला लावला आणि कॉरिडॉरमध्ये अख्खी कॉइल सोडून मोजली. ८४ मीटर आणि वर चार बोटं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ती कॉइल परत गुंडाळली, स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि बदलून आणली. बाकीच्या दहा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वतःच माझ्या गच्चीवर आणून ठेवल्या.