गॅरेजमध्ये चालू, शाळेच्या दारात बंद

कधीतरीच येणारा फॉल्ट म्हणजे गॅरेजवाल्याची परीक्षाच. कस्टमर सांगतो, काल दुपारी गाडी तीनदा बंद पडली. आपण चावी मारतो आणि गाडी एका सेल्फमध्ये चालू! तो बिचारा वरमतो, आपण टर्मिनल घासून देतो, आणि दोघांनाही मनातून माहीत असतं की ही गाडी परत येणार.

मार्चमध्ये माझ्याकडे अशीच एक जुनी ओम्नी आली. ही गाडी 1984 साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि 2019 मध्ये बनायची बंद झाली, पण आपल्या सोलापुरात शाळेच्या वेळेला अजून दिसतेच. गाडीचे मामा मुलांची ने-आण करतात. सकाळी घरून निघताना गाडी लगेच लागायची. पहिली खेप सोडून दुसऱ्या खेपेसाठी शाळेच्या दारात दहा-पंधरा मिनिटं थांबले की चावीला नुसतं ‘टिक’. अर्ध्या तासाने कुणी हात न लावता चालू. कधी रात्री दिवे फडफडायचे, ते वेगळंच.

बॅटरी त्यांनी बाहेर नवीन टाकली होती. सेल्फ मात्र माझ्याच गॅरेजमध्ये खोललेला. कार्बन, बुश बदलून आम्ही 1,800 रुपये घेतले होते. तीन आठवड्यांत गाडी परत दारात.

मामा म्हणाले, “मालक, दोन घरच्यांनी पोरं काढून घेतली. उन्हात लेकरं उभी राहत्यात, त्यांचं तरी काय चुकलं? आता आणखी एकदा बंद पडली तर गाडी विकतो बघा.”

त्या दिवशी मी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, ‘टिक’ वाजतं तेव्हा हेडलाइट मंद होतात का? “न्हाई, लख्ख राहत्यात.” हे उत्तर मी पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं. बॅटरी बसलेली असेल किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट खात असेल, तर दिवे खाली जातात. दिवे लख्ख आणि सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरीत दम आहे पण करंट सेल्फपर्यंत जात नाही, नाहीतर सेल्फमधून परत येत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली. डिसेंबरमध्ये ॲक्सिलेटर कडक झाला म्हणून केबल बदलली होती, जुनी केबल आतून वितळल्यासारखी झाली होती. मी कपाळाला हात लावला. इंजिनची अर्थ वायर खराब झाली की सेल्फचा करंट बॅटरीकडे परत जायला दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलेटरची किंवा चोकची केबल लोखंडी असते, इंजिनपासून बॉडीपर्यंत जाते. तिच्यातून एवढा करंट गेला की ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं. फॉल्ट डिसेंबरपासून ओरडत होता, आम्ही सेल्फ खोलत बसलो.

तरी अंदाजावर वायर बदलायची नाही, असं मी पोरांना सांगितलं. मामांना म्हटलं, उद्या मुलं सोडून थेट इकडे या, आल्यावर बंद करा आणि ऊन्हातच लावा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. गाडी थांबली की हवा लागत नाही, आतली उष्णता तिथेच कोंडते. थंड गाडीवर हा फॉल्ट सापडणारच नव्हता.

मीटरच्या क्लिपा आधीच लावून ठेवल्या. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली, टिक! चावी धरून ठेवायला लावून रीडिंग घेतलं. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर 11.4 व्होल्ट. बॅटरी प्लस ते सेल्फचा जाड बोल्ट, 0.3. बॅटरी मायनस ते इंजिनचा ब्लॉक, 5.1. म्हणजे सेल्फच्या वाट्याला राहिले फक्त 6 व्होल्ट. मायनसच्या बाजूला 0.2 च्या आत असायला पाहिजे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण शिकायला येणारी निम्मी पोरं इथेच फसतात. तीच अर्थ पट्टी आम्ही मागच्या वेळी बीप लावून बघितली होती आणि बीप वाजला होता! वायरच्या पन्नास तारांपैकी एक जरी शाबूत असली तरी बीप वाजतो, कारण मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो. सेल्फला शंभर अँपिअरच्या वर लागतो. म्हणून जाड वायर तपासायची ती चावी फिरवताना, लोडवर, व्होल्टेज ड्रॉप बघूनच.

मग खात्री केली. जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनच्या बोल्टला लावली, चावी मारली, गाडी लगेच चालू. आता पट्टी काढली. वरून चांगली, पण लगच्या आत कॉपर हिरवं पडून भुगा झालेलं. रोज गाडी धुवायची, त्यात पावसाचं पाणी. तापलं की सांधा सुटायचा, गार झाला की टेकायचा. अल्टरनेटरही इंजिनलाच बसलेला, त्यामुळे चार्जिंगचा करंटही याच पट्टीतून फिरतो. दिवे फडफडायचे ते यामुळेच.

नवीन पट्टी, लग धरून 220 रुपये. चेकिंगचे 500. मामांनी बिल दोनदा वाचलं. मी सेल्फच्या मजुरीचे 1,000 परत लावले. कार्बन झिजले होते हे खरं, पण अजून वर्षभर चालले असते. आमचा पोरगा मागून म्हणाला, “सर, काम तर केलं होतं की.” केलं होतं, पण गाडीला लागणारं नव्हतं.

चेकिंग फुकट ठेवू नका, हे मी व्हिडिओत सतत सांगतो, त्याचं कारण हेच. चेकिंगचे पैसे मिळत नसतील तर मिस्त्री पार्ट विकूनच पोट भरणार. माझ्याकडे आता बोर्ड लावलाय: तपासणी 500, काम इथे केलं तरी वेगळे. पहिले दोन आठवडे लोक कुरकुरले.

तुमच्याकडच्या गाडीत ‘टिक’ही येत नसेल तर वेगळी वाट. सेल्फच्या बारीक वायरला चावी फिरवताना किती व्होल्ट येतात ते बघा. चावीच्या लॉकचे पॉइंट जळालेले असले की तिथे कमी पडतात. लॉक दुरुस्त करा, वायर लांब आणि जुनी असेल तर रिले टाका. आणि स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून सेल्फ शॉर्ट करायची सवय सोडा. यातल्या कितीतरी गाड्यांना एलपीजी किट असतं, गळती असेल तर सीटखाली ठिणगी पाडायची ती जागा नव्हे. इकोचं इंजिनही सीटखालीच, तिथेही हेच सगळं लागू.

मामांची गाडी मे महिन्याच्या सुट्टीत परत बोलावून तपासली. भर दुपारी, गरम इंजिनवर, मायनसचा ड्रॉप 0.08. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दोनपैकी एका घरच्यांनी पोरगं परत पाठवलं. दुसऱ्यांनी रिक्षा लावली ती लावलीच.