बादलीभर समुद्र

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान गेल्या दीडशे वर्षांत कसकसे चढत गेले हे दाखविणारा आलेख आता पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु त्या आलेखाचा पूर्वार्ध ज्या आकड्यांवर उभा आहे ते कोणी, कोठे आणि कशाने मोजले, ही पृच्छा फारशी कोणी करीत नाही. या अंकासाठी सागरी हवामानाच्या संशोधनावर लेख हवा असे संपादकांनी कळविले, आणि त्या निमित्ताने जहाजांच्या जुन्या रोजनिशांविषयीचे शास्त्रीय निबंध चाळताना माझे लक्ष एका अगदी साध्या वस्तूवर खिळून राहिले. ती वस्तू म्हणजे जहाजाच्या कठड्यावरून दोरीने समुद्रात सोडावयाची बादली.

विषयाचा दफ्तरी इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकन आरमारातील लेफ्टनंट मॅथ्यू फॉन्टेन मॉरी यांनी रोजनिशांवरून वारे व प्रवाह यांचे नकाशे सिद्ध केले. त्यांच्याच पुढाकाराने १८५३ साली ब्रसेल्स येथे दहा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि समुद्रावरील निरीक्षणे एका ठराविक नमुन्यात नोंदविण्याचे ठरले. त्यापूर्वीच्या नोंदीही मौल्यवान आहेत. इंग्लंडहून हिंदुस्थान व चीनकडे ये-जा करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या १७८९ ते १८३४ या काळातील ८९१ रोजनिशांतून फिलिप ब्रोहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,७३,००० नोंदी उतरवून घेतल्या. त्यांवरून १८१५ च्या तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतरचे व्यापक थंडावणे अर्ध्या अंशाच्या आसपासच होते, असे दिसून आले. अशा रोजनिशीचे पान मोठे बोलके असते: एका बाजूस तास, शेजारी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून काढलेला वेग, पुढे जहाजाची दिशा व वारा, आणि उरलेल्या जागेत शेरा. कप्तानाने हे लिहिले ते आपला मार्ग चुकू नये आणि मालकांना जाब देता यावा म्हणून.

बादलीचे प्रकरण मात्र याहून गुंतागुंतीचे आहे. खलाशी पाणी वर ओढी, त्यात तापमापक बुडवी, पारा स्थिरावण्याची वाट पाही आणि आकडा टिपून घेई. प्रारंभीच्या लाकडी बादल्यांत पाण्याची ऊब बऱ्यापैकी टिकत असे. पुढे त्यांची जागा शिडाच्या कापडाच्या बादल्यांनी घेतली, तेव्हा मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने समुद्राचा हा नमुनाही डेकवर येईपर्यंत गार होऊ लागला, कारण ओले कापड वाऱ्यावर सुकत असे आणि आगबोटींचा वेग तो वारा वाढवीत असे. ख्रिस फॉलंड व डेव्हिड पार्कर यांनी १९९५ साली या उष्णताक्षयाचा हिशोब मांडला. त्यानुसार जगाच्या सरासरीत करावयाची दुरुस्ती १८५६ साली ०.११ अंश, तर १९४० साली ०.४२ अंश भरते. गेलेल्या जहाजांवरील, झिजून नाहीशा झालेल्या बादल्यांचा कापडी काठ वाऱ्यात किती सुकला असेल हे गणिताने काढणाऱ्या या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

तरीही दुरुस्ती पुरी झाली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बहुतेक नोंदी अमेरिकन जहाजांच्या होत्या, आणि ती यंत्रघरात थंडाव्यासाठी घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवीत, जे किंचित अधिक भरे. १९४५ च्या ऑगस्टनंतर बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांचे प्रमाण एकाएकी वाढले आणि समुद्र जणू अचानक थंड झाल्याचा भास आलेखात उमटला. डेव्हिड थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी हे २००८ साली दाखवून दिले. पुढे २०१९ मध्ये डुओ चान, साउदॅम्प्टनच्या एलिझाबेथ केंट व त्यांचे सहकारी यांना आढळले की काही जपानी नोंदी नव्या दप्तरात उतरविताना अपूर्णांक सरळ छाटले गेले होते, आणि तेवढ्याने त्या नोंदींतला पॅसिफिक महासागर वास्तवापेक्षा थंड दिसत होता. एका कारकुनी रिवाजाने एवढा फरक पडावा, ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे.

आता अडचणींविषयी. पुष्कळ रोजनिशा अद्याप कोणी उतरविलेल्याच नाहीत. कागद ठिसूळ होत आहे, शाई फिकी पडत आहे, आणि बादली लाकडाची की कापडाची याचा उल्लेख करणे बहुतेक कप्तानांना आवश्यक वाटले नव्हते. त्याहून मला चिंता वाटते ती वर्तमानाची. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरक्षेच्या कारणास्तव अनेक जहाजांची ओळख नोंदींतून झाकण्यात येऊ लागली. कारण रास्त असेल; परंतु कोणती नोंद कोणत्या जहाजाची आणि कोणत्या उपकरणाची हे न कळणे म्हणजे पुढच्या संशोधकापुढे बादलीचे तेच कोडे पुन्हा टाकणे होय. स्वेच्छेने निरीक्षणे पाठविणाऱ्या जहाजांची संख्याही पूर्वीपेक्षा घटली आहे. उपग्रह आणि तरंगते बोये आले तरी त्यांच्या आकड्यांची पडताळणी कशाशी तरी करावीच लागते.

कोकणपट्टीवर आणि मुंबईत दर्यावर्दी घराणी पुष्कळ आहेत. कोणाच्या माळ्यावर आजोबांची जहाजावरची वही पडून असेल, तर ती रद्दीत घालू नये. मुंबईच्या पुराभिलेखागारात दाखल करावी, आणि शक्य झाल्यास त्या जहाजावर पाणी कशाने काढीत असत, हेही कागदावर लिहून सोबत द्यावे.