मेटफॉर्मिन : जुनें औषध, नव्या आशा

मधुमेहाचा विकार आज इतका पसरला आहे कीं, घरांतील वडील माणसाच्या उशाशीं मेटफॉर्मिनच्या गोळ्या ज्यानें पाहिल्या नाहींत असा विद्यार्थी विरळाच. हीच स्वस्त गोळी इतर रोगांवरही गुणकारी ठरेल काय, याचा शोध जगभर चालू आहे. त्याची हकीकत थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

या औषधाचें मूळ गॅलेगा नांवाच्या युरोपांतील एका वनस्पतींत आहे. तिच्यांतील ग्वानिडीन जातीच्या द्रव्यांनीं रक्तांतील साखर उतरते असें आढळलें. इ. स. १९२२ मध्यें डब्लिन येथें वर्नर व बेल या रसायनशास्त्रज्ञांनीं त्याच जातीचें मेटफॉर्मिन प्रथम तयार केलें. १९५७ सालीं झां स्टर्न या फ्रेंच डॉक्टरानें त्याचा मधुमेहावरील गुण प्रसिद्ध केला. नवलाची गोष्ट ही कीं, त्यापूर्वींच फिलिपाइन बेटांत डॉ. गार्सिया यांनीं तें इन्फ्ल्युएंझावर वापरलें होतें!

आपलें यकृत उपाशीपोटींही रक्तांत साखर सोडीत असतें. मधुमेहांत हा पुरवठा प्रमाणाबाहेर जातो. त्याला मेटफॉर्मिन आळा घालतें. पेशींच्या शक्तिव्यवहारावरच त्याचा परिणाम होत असल्यामुळें इतर व्याधींतही त्याचा उपयोग होईल, अशी आशा विद्वानांस वाटूं लागली.

परंतु आशा निराळी व प्रमाण निराळें. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेनें क्षयाच्या नेहमींच्या औषधांस मेटफॉर्मिनची जोड देऊन पाहिली. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, थुंकींतील जंतू त्यामुळें अधिक लवकर नाहींसे झाले नाहींत. मात्र शरीरांतील दाहाचीं चिन्हें कमी झालीं. त्याच वर्षीं स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रोग्यांवरील परीक्षेचा मुख्य निकालही निराशाजनक निघाला. उलट, अमेरिकेंत कोविड झालेल्या स्थूल रोग्यांस तें आरंभींच दिलें असतां, मागें रेंगाळणारा त्रास सुमारें ४१ टक्क्यांनीं कमी आढळला, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. या गोळीनें आयुष्य वाढतें, ही गोष्ट तर मनुष्यांत अद्याप सिद्ध झालेली नाहीं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोकांनीं येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. मेटफॉर्मिन शरीरांत न मोडतां मूत्रपिंडांवाटें जसेंच्या तसें बाहेर पडतें. मूत्रपिंडें फार दुर्बल असतील तर तें सांचतें आणि रक्तांत लॅक्टिक आम्ल वाढून प्राणावर बेतूं शकतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, संग्रामपूर व जळगांव जामोद या बाजूस, मूत्रपिंडाच्या विकारांनीं किती घरें गांजलीं आहेत हें आपणांस ठाऊकच आहे. तेथें शेजाऱ्यास गुण आला एवढ्यावरून ही गोळी घेणें म्हणजे विहिरीची खोली न पाहतां उडी टाकण्यासारखें होय.

म्हणून डॉक्टरांनीं दिलेली गोळी भीतीपोटीं मध्येंच सोडूं नये, आणि न दिलेली ऐकीव गोष्टींवरून घेऊं नये. रक्तांतील क्रिएटिनिनची तपासणी मात्र वेळोवेळीं करवून घ्यावी. विद्यार्थिमित्रहो, घरीं वडील मंडळींपैकीं कोणी ही गोळी घेत असतील, तर ती तपासणी शेवटची केव्हां झाली, एवढें आज त्यांना अवश्य विचारा.