दारू सुटंना? मनाचा आजारही तपासून घ्या

झरी (ता. परभणी) : दारू सोडली, आठ दिवसांत पुन्हा सुरू. घरचे म्हणतात, मनच खंबीर नाही. पण बऱ्याचदा दारूमागं उदासी, भीती, संशय असा आजार दडलेला असतो. एकाचाच इलाज केला तर दुसरा त्याला परत ओढतो. म्हणून दोन्हींवर सोबतच उपचार लागतात.

रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भास होऊ शकतात. जीवही जाऊ शकतो. त्यामुळं शपथ घालून घरात कोंडू नका. भाजीत लपवून दारू सोडायची गोळी देणंही जिवावर बेतू शकतं.

डॉक्टर आधी गोळ्या देऊन हा त्रास आवरतात, मग मनाच्या आजाराची औषधं आणि समुपदेशन सुरू करतात. उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच सोडू नका.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी टेलिमानसचा नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी नंबर १४४४६.

माणूस मरणाची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.