नाजूक त्वचा आणि रेटिनॉल

लोणी, अंड्यांतील पिवळा बलक आणि प्राण्यांचें यकृत यांत जें ‘अ’ जीवनसत्त्व असतें, त्याच्याच एका रूपाचें नांव रेटिनॉल. १९१३ सालीं अमेरिकेंत मॅक्कॉलम आणि डेव्हिस या संशोधकांनीं लोण्यांतील या द्रव्याचें अस्तित्व दाखवून दिलें. पुढें रातांधळेपणावरील उपाय म्हणून हें जीवनसत्त्व सर्वांस परिचित झालें. आतां तें मलमाच्या नळींतून मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गांवींहि तरुण-तरुणींच्या हातीं आलें आहे. मुरमें जावींत, डाग फिकट व्हावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. परंतु ज्यांची त्वचा साध्या साबणानेंहि चुरचुरते, त्यांनीं हें द्रव्य लावावें कीं नाहीं?

लावावें, पण त्यापूर्वीं त्याची रीत समजून घ्यावी. रेटिनॉल स्वतः थोडेंच काम करतें. त्वचेंत शिरल्यावर दोन पायऱ्यांनीं त्याचें रेटिनॉइक आम्ल होतें, आणि खरा परिणाम या आम्लाचा. पेशींच्या केंद्रांत पोंचून तें नव्या पेशी घडविण्याचा वेग वाढवितें आणि रंध्रें बुजविणारा मृत थर मोकळा करतें. हेंच आम्ल तयार स्वरूपांत मुरमांवर गुणकारी ठरतें, असें अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यालाच ट्रेटिनॉइन म्हणतात. त्यामानानें रेटिनॉल सौम्य खरें, तथापि पहिले कांहीं आठवडे त्वचा लाल होते, कोरडी पडते, तिचे पापुद्रे निघतात. पेशींचा वेग वाढतो, पण ओल राखणाऱ्या वरच्या थराची घडण त्या वेगास लागलीच पुरी पडत नाहीं. नाजूक त्वचेंत तो थर आधींच दुबळा असतो.

येथेंच एक मोठा घोटाळा होतो. आपली त्वचा जन्मतः नाजूक आहे असें समजणाऱ्या अनेकांची त्वचा वस्तुतः मलमांनीं नाजूक केलेली असते. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचें मिश्रण असलेलीं मलमें आपल्याकडे गोरेपणासाठीं वर्षानुवर्षें विकलीं गेलीं. स्टेरॉइड दाह तत्काळ दाबतें, म्हणून आठवडाभरांत चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग तो पातळ होतो, तांबडा राहतो, आणि मलम थांबवितांच पेटतो. सारांश, रेटिनॉल आधीं छळतें व मग उपयोगी पडतें; याचें नेमकें उलट! २०१८ सालीं सरकारनें अशा अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीचें बंधन घातलें, तरी मैत्रिणीनें सुचविलेली नळी मागून घेण्याची संवय गेलेली नाहीं. शेजारच्या अकोल्यांत तर स्थानिक बनावटीच्या गोरेपणाच्या क्रीमनें एकाच घरांतील तिघींच्या मूत्रपिंडांस इजा झाल्याचें २०२३ सालीं उघडकीस आलें. क्रीममध्यें पारा निघाला. तेव्हां पूर्वीं असें कांहीं लावलें असल्यास रेटिनॉलकडे वळण्याआधीं त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें.

ज्यांस हा इतिहास नाहीं, त्यांनीं ०·१ ते ०·३ टक्क्यांपासून आरंभ करावा. प्रथम कांहीं रात्री कानामागें लावून पाहावें. नंतर आठवड्यांतून दोनच रात्री, चेहरा धुवून पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढा ठिपका सगळ्या चेहऱ्यास पुरवावा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे व ओंठ वगळावे. आधीं आणि नंतरहि साधें ओलावा देणारें मलम लावल्यास दाह पुष्कळच कमी होतो. महिनाभर त्वचा शांत राहिली तर तिसरी रात्र वाढवावी. परिणाम दिसण्यास सुमारें तीन महिने लागतात. त्या काळांत लिंबाचा रस, उटण्याची घासणी किंवा दुसरीं आम्लें चेहऱ्यास लावूं नयेत. वरच्या ओठावर दोरा फिरवावयाचा असेल तर चार-सहा दिवस आधीं रेटिनॉल थांबवावें.

विशीच्या आरंभीं सुरकुत्यांच्या भयानें हें द्रव्य घेण्याचें मला कांहींच कारण दिसत नाहीं. मुरमें हें कारण असेल तर ॲडापॅलीनसारखें औषध अधिक कसोटीस उतरलेलें आहे. तें डॉक्टरांनीं द्यावें.

आणि ऊन! राजूर घाट उतरून मोताळ्याकडे आलें कीं उन्हाळ्यांत पारा चाळिशीपलीकडे असतो. मलकापूरला किंवा बुलढाण्याला दुचाकीवर जाणाऱ्या, शेतांत हात लावणाऱ्या मुलांनीं सकाळीं तीसहून अधिक संरक्षणांकाचें सूर्यरोधक मलम आणि डोक्यास रुमाल यांवांचून हा उपचार करूंच नये. नाहीं तर सुजलेल्या कातडीवर नवे काळे डाग उमटतात. रेटिनॉल उष्णतेनें, प्रकाशानें व हवेनें स्वतःहि निकामी होतें, म्हणून उन्हांत मांडलेली बरणी घेऊं नये. अपारदर्शक नळी घ्यावी, व ती थंड जागीं ठेवावी.

गर्भवती स्त्रियांनीं, किंवा ज्यांस लौकरच मूल हवें आहे त्यांनीं, रेटिनॉल लावूं नये. फोड आले, पाणी सुटलें किंवा आग दिवसभर टिकली तर तें धुवून टाकावें आणि पुन्हां लावण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.